घरात की घरांत

दिवाळीनंतर टिळक रस्त्यावरच्या आमच्या दुकानात गर्दी ओसरलेली असते. अशाच एका दुपारी काकू आल्या, पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, हा परत घे म्हणत नाही मी. फक्त एकदा बघ, यालाच काही झालंय की माझ्या डोळ्यांना."

लॅपटॉप मीच सात महिन्यांपूर्वी विकलेला. तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं होतं, काय कामाला हवाय? "टायपिंग आणि वाचायला," असं त्या म्हणाल्या आणि मी लगेच स्वस्तातला काढून दिला. रॅम, वॉरंटी, बॅटरी, सगळं समजावलं. स्क्रीनबद्दल मात्र "पंधरा इंची आहे, मोठी दिसेल" एवढंच बोललो.

काकू मुद्रितशोधनाचं काम करतात. पुस्तकांची प्रुफं आता पीडीएफमध्ये येतात, दिवसाचे सहा-सात तास त्या तीच वाचतात. मधल्या काळात दोनदा नंबर तपासून आल्या होत्या. नंबर तोच होता. तरी संध्याकाळी कपाळ ठणकायचं, आणि गेल्या महिन्यात एका संपादकांनी त्यांच्या हातून सुटलेल्या अनुस्वारांची यादी पाठवली होती. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

त्यांचीच फाइल मी उघडली. कारागिराचं भिंग घेतलं आणि एका शब्दावर धरलं. शब्द होता "घरांत". अनुस्वार म्हणजे जेमतेम दोन ठिपक्यांचा राखाडी डाग, शिरोरेषेला चिकटलेला. भिंग काढलं की तो मला तरुण डोळ्यांनीही दिसेना. 15.6 इंची स्क्रीनवर आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके, म्हणजे इंचाला साधारण 100. इंग्रजी अक्षर त्यात निभावून जातं. आपल्या अक्षराला तेवढ्याच उंचीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार मावावा लागतो, मग मधल्या अक्षराच्या वाट्याला उरतं काय? सुरु आणि सुरू, शुद्ध आणि शुध्द, हे फरक ओळखायचे ते अशा स्क्रीनवर!

शेजारी 1920 बाय 1080 चा डेमो पीस ठेवून तीच फाइल लावली. तेवढ्याच मापाच्या स्क्रीनवर एकूण ठिपके जवळजवळ दुप्पट. पण काकू लगेच मागे सरल्या. "बाबा रे, हे तर मुंगीएवढं झालं." इथेच बरेच लोक फसतात, अक्षर बारीक झालं म्हणून सेटिंगमधून रेझोल्युशनच कमी करतात आणि पुन्हा सगळं धुरकट करून घेतात. रेझोल्युशनला, म्हणजे ठिपक्यांच्या संख्येला, हात लावायचा नाही, स्केल वाढवायचं, म्हणजे तेच अक्षर जास्त ठिपक्यांत मोठं दिसतं. मी ते 150 टक्के केलं. 12 पॉइंटच्या अक्षराला आधी उंचीचे 16 ठिपके मिळत होते, आता 24. आकार आधीपेक्षा किंचित मोठा, आणि अनुस्वार चक्क गोल.

काकूंनी पान वर सरकवलं, थांबल्या, खाली सरकवलं. काहीच बोलल्या नाहीत.

नवीन लॅपटॉप विकायची ती वेळ नव्हती. मी जुना खोलला. पॅनेल, म्हणजे आतला पडदा, 30 पिनांच्या जोडणीचं होतं, त्याच मापाचं फुल एचडी, म्हणजे 1920 बाय 1080 चं, पॅनेल बसत होतं, पण केबल कमी लेनची, म्हणजे चित्राची माहिती नेणाऱ्या कमी वाटांची, तीही बदलावी लागणार होती. घाईत नुसतं पॅनेल बदललं असतं तर पडदा काळाच राहिला असता. मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून दोन्ही मागवायचं ठरलं. पॅनेल आयपीएस प्रकारचं सांगितलं, म्हणजे मान जरा हलली तरी रंग उडणार नाहीत. मजुरी मी घेतली नाही. ती घ्यायचा मला हक्कच नव्हता. तेव्हापासून "वाचायला हवाय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी प्रोसेसरच्या आधी स्क्रीन दाखवतो, आणि त्यावर मराठी मजकूर उघडतो.

तोवर काकू डेमो पीससमोर स्टूल ओढून बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, माझ्याकडून बिलाचा एक कोरा कागद मागून घेतला आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. सहाच्या सुमारास त्यांनी संपादकांना फोन लावला.

"छपाईला गेली नाही ना अजून? मग लिहून घ्या. पान 112, खालून तिसरी ओळ. घरात नाही, घरांत."