पणजोबांची आगबोट : सहावा आकडा 3 की 8?

मंडळी, गेल्या खेपेला नुसतं रडगाणं गायलो होतो. या महिन्यात गाडी थोडी हलली आहे.

नव्यांसाठी थोडक्यात. पणजोबा मालवणचे, मुंबईच्या गोदीतून इंग्रजांच्या आगबोटीवर चढले. पहिल्या महायुद्धात ते बोटीबरोबर बुडाले, असं घरात सगळेच सांगत आलेत. त्यामुळे दोन वर्षं मी युद्धात गेलेल्यांतच शोधत बसलो. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं स्मारक आहे, त्यावरची दोन हजारांहून जास्त नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत घरबसल्या बघता येतात. बघितली, नाहीत. 1915 च्या क्रू लिस्ट, म्हणजे बोटीवरच्या माणसांच्या याद्या, नावानं फुकट शोधता येतात, तिथंही नाहीत. पण तिथं नाव नाही म्हणजे माणूस बोटीवर नव्हता, असं समजू नका. आपले खलाशी त्या कागदांत ‘लास्कर’ असतात (मूळ शब्द आपला लष्करच), आणि त्यांचे करार बऱ्याचदा गोऱ्यांपेक्षा वेगळे व्हायचे.

आणखी एक घोळ मीच घातला होता. जन्मठिकाण म्हणून ‘मालवण’ टाकत होतो. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 ला, त्याआधी सगळा मुलूख रत्नागिरीत. तिकडचा कारकून जिल्हा लिहून मोकळा व्हायचा, तोही कानाला येईल तसा.

मग मालवणच्या आत्यानं ट्रंक उघडली आणि नळी पाठवली. नळी म्हणजे खलाशाचा नोकरीचा दाखला. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचे म्हणून दाखल्यालाच नळी. गावचा कोणी सोबती ती आणून देऊन गेला होता, कधी ते कुणालाच आठवत नाही. फोनवर आत्या म्हणाली, “तो आगवालो होतो रे, खलाशी नाय.” म्हणजे डेकवर नाही, खाली बॉयलरपाशी. यादीत इंजिनाकडची माणसं वेगळी लिहितात, त्यामुळे हे एक वाक्य लाखमोलाचं.

शेवटच्या पानावर वर्तनाचा ‘व्हेरी गुड’ शिक्का ठळक आहे, जहाजाचं नाव मात्र पाण्यानं गेलंय. राहिलाय तो जहाजाचा सहा आकडी अधिकृत क्रमांक. जहाज विकलं, नाव बदललं, तरी हा क्रमांक बदलत नाही. पाच आकडे सरळ वाचले, सहावा 3 की 8 कळेना. रात्री दिवे बंद करून मोबाईलची टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. शाई गेली तरी टाकाच्या निबानं पडलेली चरी राहते, तिची सावली पडते. डावीकडे वाटोळं बंद होत होतं. 8! तरी दोन्ही क्रमांक क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या वेबसाइटवर टाकून बघितले. 3 वालं निघालं उत्तर समुद्रातलं मासेमारीचं गलबत. 8 वाली मुंबईच्या फेऱ्या करणारी आगबोट. नाव आत्ताच लिहीत नाही, आधी यादी हातात येऊ दे.

त्या बोटीची क्रू लिस्ट कुठं मिळेल? 5 नं संपणाऱ्या सालांच्या बऱ्याचशा ग्रीनिचच्या नॅशनल मेरीटाईम म्युझियममध्ये. बाकी सालांच्या, 1938 पर्यंतच्या, सुमारे सत्तर टक्के याद्या थेट कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेरीटाईम हिस्टरी आर्काइव्हमध्ये. तिकडं पैसे भरून प्रत मागवायची आहे, अर्ज गेला.

इथं कोल्हापुरात शेजारी विचारतात, तुमचा आणि समुद्राचा काय संबंध? त्यांना सांगतो, 1812 पर्यंत मालवण कोल्हापूरकडंच होतं की!

अर्ज कॅनडाला का, ते राहिलंच. त्या शेवटच्या शिक्क्यावरचं साल 1924 आहे. आत्याला अजून सांगितलेलं नाही. तिच्या आजीनं 1917 लाच कुंकू पुसलं होतं.