मायचा गुडघा, विमानतळ आणि स्टेशन

उजवा गुडघा बदलल्यानंतरचा मायचा हा पहिलाच लांबचा प्रवास. मुंबईला लहान भावाच्या पोराचं बारसं होतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात रात्रभर गाडीत बसवू नका. म्हणून जाताना नागपूरवरून विमान, आणि महिनाभरानं येताना विदर्भ एक्स्प्रेसचा खालचा बर्थ, असं ठरलं. दोन्हीकडची तपासणी एकाच गुडघ्यानं कशी झाली ते लिहितो आहे. आमच्या भागातल्या बऱ्याच घरी आता म्हातारी माणसं पहिल्यांदा विमानात बसू लागली आहेत, त्यांना उपयोग होईल.

खरी तपासणी घरीच सुरू झाली. गाडीनं जायचं असलं की मायचं बोचकं कोणी मोजत नाही. स्लीपरला माणशी चाळीस किलो फुकट नेता येतं, आणि काटा कोणी लावलेला मी तरी पाहिला नाही. विमानात खाली द्यायच्या बॅगेला पंधरा किलो आणि हातातल्या बॅगेला सात. डाळ, खारोड्या, कुरड्या असं करता करता काटा पंधराच्या वर गेला, तेव्हा डाळीची अर्धी पिशवी बाहेर काढली. लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत टाकली, हातात ठेवलं असतं तर अडलं असतं. अडकित्ताही तिकडंच. पॉवर बँक मात्र उलट: ती खालच्या बॅगेत चालत नाही, हातातच लागते. काडेपेटी आणि लायटर तर कुठंच नाही.

अडलं ते खोबऱ्यावर. बारशाला म्हणून मायनं सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधून ठेवल्या होत्या. 2022 पासून सुकं खोबरं विमानाच्या खालच्या सामानात न्यायला बंदी आहे, त्यात तेल भरपूर असल्यानं ते पेट घेऊ शकतं. भावानं हे फोनवर सांगितलं तर माय हसायला लागली. "बाप्पा, खोबऱ्यानं का इमान पडते?" शेवटी तिची समजूत पटली असं नाही, पण मुंबईतही खोबरं मिळतं हे तिनं मान्य केलं.

जायच्या दिवशी पुलगावहून गाडीनं नागपूरला आलो. चढताना कोणी काही विचारलं नाही, उतरतानाही नाही. तिथून मेट्रो. मेट्रोत शिरताना पहिल्यांदा बॅगा मशीनमधून गेल्या. सिताबर्डीला गाडी बदलून एअरपोर्ट स्टेशनला उतरलो आणि तिथून टर्मिनलपर्यंत ऑटो केला. मायला चालायला लागू नये म्हणून तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली होती, तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. ज्यांना जिने-रांगा झेपत नाहीत त्यांनी लाजू नये, मागून घ्यावी.

विमानतळाच्या दारातच सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, जवान तिकीट आणि आधार पाहतो. नाव जुळलं तरच आत. मायच्या आधारवर आणि तिकिटावर आडनावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे मी आधीच तीनदा पाहून घेतलं होतं, कारण आमच्याकडं कागदावर नाव एक आणि बोलण्यात दुसरं हे नेहमीचंच. मग बॅग दिली, बोर्डिंग पास घेतला आणि झडतीच्या रांगेत आलो.

आमच्या पुढं वरोऱ्याकडचे एक गृहस्थ होते. खिशातलं सगळं ट्रेमध्ये टाका म्हटल्यावर त्यांनी फोन, पट्टा, चिल्लर काढली. मग जरा थांबून खिशाच्या कोपऱ्यातून खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी काढली. जवानानं ती दोन बोटांत धरून पाहिली, "ये क्या है?" गृहस्थ गप्प. मागची रांग हसायला लागली. सुटला बिचारा, पण पुडी परत खिशात घालताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

बायकांची तपासणी पडद्याआड बाई जवानच करते, हे मायला सांगितलं होतं, तरी ती कावरीबावरी झाली. धातू ओळखणाऱ्या चौकटीतून गेली आणि वाजलं. "काऊन रे, मी का चोर आहो?" तिनं वळून मला विचारलं. आत काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. पोरीनं हातातलं डिटेक्टर खालून वर फिरवलं, गुडघ्यापाशी पुन्हा वाजलं. "माताजी, ऑपरेशन हुआ है?" मायनं लुगडं वर करून टाक्यांचा वण दाखवला. पोरीनं गुडघ्यावरून हात फिरवला, मान हलवली आणि तिला हाताला धरून खुर्चीपर्यंत सोडलं. डॉक्टरांचं पत्र मी हातात घेऊन उभा होतो, ते कोणी मागितलंच नाही. तरी सोबत ठेवावंच, इन्सुलिनच्या सुया असतील तर नक्कीच.

बसल्यावर मायनं विचारलं, एवढं कशासाठी. मी कंदाहारचं सांगितलं. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवून अफगाणिस्तानात कंदाहारला नेलं होतं, त्यानंतर 2000 पासून विमानतळांची राखण राज्यांच्या पोलिसांकडून सीआयएसएफकडं जाऊ लागली. तिला बातम्यांतलं आठवलं. "मंग बरंच आहे तपासतेत ते."

येताना मुंबईच्या स्टेशनावरही बॅगांचं मशीन होतं आणि माणसांसाठी चौकट होती. माय मुद्दाम त्या चौकटीतून गेली, गुडघा वाजतो का पाहायला. वाजला. तिच्या आधीच्या माणसालाही वाजलं होतं, नंतरच्या पोरालाही, टिफिनवाल्या बाईलाही. कोणी मान वर केली नाही. दहा पावलांवर दुसरा दरवाजा उघडाच होता आणि निम्मी गर्दी तिकडून आत जात होती.

याचा राग मला आला नाही. विमानतळ हे एका दाराचं कोठार आहे आणि रेल्वे म्हणजे चहूबाजूंनी उघडं खळं. आपली गाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव करत जाते. मुंबईला कितीही कडक झडती घेतली तरी मधल्या स्टेशनावर कोण काय घेऊन चढलं ते कोण पाहणार? देशात सात हजारांवर स्टेशनं आणि रोजचे दोन कोटींच्या आसपास प्रवासी. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीवर गोळीबार झाला. त्यानंतर मोठ्या स्टेशनांवर कॅमेरे, मशीनं आली. पण प्रत्येकाची विमानतळासारखी झडती घ्यायची म्हटलं तर दादरची एक लोकलही वेळेवर सुटायची नाही. मला राग येतो तो त्या वाजणाऱ्या चौकटीचा. बघायचंच नसेल तर ती वाजवायची कशाला?

गाडीत खरी नजर असते ती शेजारच्यांची, हे त्याच रात्री दिसलं. समोरच्या बर्थवर एक शिकणारा पोरगा होता, सीटखाली त्याचं पोतं. कसारा घाटात गाडी हलली तसं पोत्यात टणटण वाजलं. मायनं वाकून हात लावला. "हे काय होय रे बाबू?" पोरगा म्हणाला, खोली सोडली, छोटा सिलिंडर आहे, थोडाच गॅस उरला आहे. रेल्वेत असं न्यायला मनाई आहे, रेल्वे कायद्याच्या 164 कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे त्याला ठाऊक नव्हतं. डब्यातल्या एका काकांनी रेल्वेच्या मदतीच्या 139 नंबरला फोन लावला. नाशिक रोडला आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, दोघं चढले, सिलिंडर आणि पोरगा दोन्ही खाली घेऊन गेले.

मायला ते लागलं. मनमाडपर्यंत तिचं एकच चाललं होतं, "लेकराले मी पोलिसात देलं का?" मी म्हटलं, डब्यात सत्तर माणसं होती. तिला ते पटलंही आणि नाहीही.

आता दिवाळीला भाऊ बाळाला घेऊन गावी येतो आहे, गाडीनंच. मी त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे: फटाके तिकडून आणायचे नाहीत, रेल्वेतही चालत नाहीत आणि विमानातही नाहीत. पुलगावच्या बाजारात मिळतात.