आधी स्टेंट, मग काटा

तांबोशीच्या डोक्याचं कालवण खाताना काटा अडकला आणि घरच्यांनी कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले. या उपायाने काटा खाली जातोच असं नाही, कधी कधी अन्ननलिकेच्या भिंतीत आणखी रुततो. चार दिवसांनी हे पन्नाशीचे गृहस्थ आमच्याकडे आले ते वाटीभर लालभडक रक्ताची उलटी होऊन. तोवर रक्त थांबलं होतं, रक्तदाब ११०/७०. छातीत मधोमध दुखत होतं आणि अंगात ताप होता.

एरवी रक्ताची उलटी म्हटली की आधी एंडोस्कोपी. इथे मुद्दाम थांबलो. छातीत दुखणं, थोडासा रक्तस्राव, मग काही तासांची किंवा दिवसांची उसंत आणि शेवटी जीवघेणा रक्तस्राव, अन्ननलिकेतून महाधमनीला भोक पडतं तेव्हाचा हा क्रम कियारी या पॅथॉलॉजिस्टने १९१४ साली मांडला. पेशंट त्या उसंतीत होता.

आधी साधा सीटी, मग अँजिओग्राफी. उलट केलं तर शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट औषधाने उजळलेल्या धमनीशेजारी बारीक काटा हरवतो. एक्स-रेत तर तो बहुधा दिसतच नाही. काटा तीन सेंटिमीटरचा निघाला, महाधमनीची कमान अन्ननलिकेला टेकते तिथे आडवा. टोक धमनीच्या भिंतीत, भोवती हवेचे बुडबुडे आणि लहानसा स्यूडोॲन्युरिझम, म्हणजे फाटलेल्या भिंतीबाहेर साचलेल्या रक्ताचा फुगा. म्हणजे काटाच भोकाचं बूच झाला होता.

शिरेत दोन जाड व्हेनफ्लॉन, रक्ताच्या सहा पिशव्या क्रॉसमॅच करून (पेशंटच्या रक्ताशी जुळवून) तयार, वरचा रक्तदाब शंभरच्या आसपास, अँटिबायोटिक लगेच. बेरियम पाजून एक्स-रे नाही आणि नाकातून जठरात जाणारी राइल्स ट्यूब तर अजिबात नाही. आंधळेपणाने सरकवलेली नळी बूच उडवू शकते.

जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापडाचं अस्तर असलेली जाळीदार नळी, महाधमनीत सरकवला. भोकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर निरोगी भिंत हवी, म्हणून डाव्या सबक्लेव्हियनचं, म्हणजे डाव्या हाताला आणि डाव्या व्हर्टिब्रलमार्गे मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीचं, तोंड झाकावं लागलं. त्याआधी उजवी व्हर्टिब्रल धमनी भक्कम असल्याचं सीटीत पाहून घेतलं होतं. त्याच टेबलावर, छाती उघडायची तयारी ठेवून, एंडोस्कोपी. अन्ननलिका फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड, तोही बेताने. काट्याचं कमी रुतलेलं टोक आधी सोडवलं, मग काटा उभा करून एंडोस्कोपच्या टोकाला बसवलेल्या टोपीआड बाहेर काढला. भिंतीतून रक्त आलं नाही.

खरी कटकट पुढची. ग्राफ्ट जंतूंच्या शेजारीच बसलाय. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, जेवण पोटावरच्या नळीने थेट लहान आतड्यात, आणि ठरावीक अंतराने सीटी. ग्राफ्टभोवती नव्याने हवा दिसली किंवा ताप उलटला, तर छाती उघडून ग्राफ्ट काढावा लागेल, हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.