आईचा हयातीचा दाखला

आईच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आज सकाळी माहीमला तिच्याकडे गेले आणि बँकेच्या वेबसाइटवर बसले. कॅप्चाची अक्षरं तिला दिसेनात, ओटीपी उशिरा आला, तोवर 'सेशन संपलं'. पुन्हा पहिल्यापासून. आईचा चेहरा पडला. शाखेत अंगठ्याचं मशीन आहे, पण आयुष्यभर भांडी-धुणी करून तिच्या बोटांच्या रेषाच झिजल्यात, ठसा उमटतच नाही. याचा मला खरंच राग येतो. म्हाताऱ्या माणसांसाठीची सेवा करताना म्हातारी बोटं कुणाच्याच लक्षात येत नाहीत?

मग शेजारच्या काकूंच्या लेकीने सांगितलं, चेहऱ्यावरून होतं! जीवन प्रमाण ही हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायची सरकारी सोय 2014 पासून आहे, 2021 मध्ये त्यात चेहऱ्याची ओळख आली. साध्या अँड्रॉइड फोनवर दोन अॅप लागतात: 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी'. आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक) आणि खाते क्रमांक जवळ ठेवायचे. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा येतो, म्हणून आईला उजेडाकडे तोंड करून बसवलं. डोळ्यांची उघडझाप केली आणि झालं! मेसेजमध्ये प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, आला.

ही माहिती बँकेच्या पहिल्याच पानावर मोठ्या मराठी अक्षरांत हवी.

केंद्र सरकारच्या 80 वर्षं आणि त्यावरच्या पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हेही घरी सांगून ठेवा. माहीम-दादरला कुणाच्या आईवडिलांचं अडलं असेल तर कळवा, रविवारी सकाळी येऊन करून देईन.