आमची वाटचाल: मधातच बंद पडणाऱ्या गाड्या

पांढरकवड्यात घाटंजी रोडला आमचं गॅरेज आहे. २००३ साली सुरू केलं तेव्हा चार बल्ल्या, वर टिनाचे सहा पत्रे आणि समोर एक कडुलिंब, एवढंच होतं. आज दोन शेड आहेत, पिट आहे, तीन पोरं कामाला आहेत. ऑइल बदलणं, ब्रेक, क्लच ही कामं रोजचीच. पण करंजी, मारेगाव, पाटणबोरी, कधी सीमेपलीकडच्या आदिलाबादहूनसुद्धा लोक आमच्याकडे येतात ते एका कामासाठी. गाडी जुनी असते, चालता चालता मधातच बंद पडते, थोड्या वेळानं आपोआप सुरू होते, आणि मिस्त्रीकडे आणली की दिवसभर काहीच होत नाही.

हे काम मी हौसेनं निवडलेलं नाही. एका चुकीमुळे ते माझ्याकडे आलं.

गॅरेजला दोन वर्षं झाली असतील. जवळच्या गावातले एक गुरुजी त्यांची छोटी पेट्रोल कार घेऊन आले. "भाऊ, गाडी मधातच बंद पडून रायली. पंधरा दिवसांत चारदा झालं." मी गाडी चालवून पाहिली, बंद पडली नाही. पेट्रोल पंपाचा आवाज थोडा जड वाटला म्हणून पंप बदलला, सोबत फिल्टर बदलला, आणि पैसे घेतले. आठव्या दिवशी गुरुजी आईला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात निघाले होते. रात्रीची वेळ, जंगलाचा रस्ता, आणि गाडी बंद. पाऊण तास ते तिथं उभे होते. दुसऱ्या दिवशी ते आले, पण रागावले नाहीत. "पाहा ना जी, काय झालं ते," एवढंच म्हणाले. मला त्या रात्री झोप आली नाही. पंप खराब नव्हताच. मला दोष सापडला नव्हता आणि मी पार्ट विकला होता.

पंपाचे पैसे परत केले आणि गाडी ठेवून घेतली. नागपुरात ज्या उस्तादांकडे मी सहा वर्षं काम शिकलो, त्यांची एक पद्धत तेव्हा आठवली. दोन साधे बारा व्होल्टचे बल्ब घेतले. एकाची तार ठिणगीसाठी करंट देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या सप्लायला जोडली, दुसऱ्याची पेट्रोल पंपाच्या वायरला, आणि दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं लावले. गाडी बंद पडेल त्या क्षणी कोणता बल्ब विझतो, हे पाहायचं. पंपाचा एकटाच विझला तर पंपाची रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा वायर. दोन्ही जळत राहिले आणि तरी इंजिन थांबलं, तर करंट त्या दोन जागांपर्यंत येतो आहे, दोष पुढे आहे. दोन्ही सोबतच विझले तर दोष त्यांच्या मागे, जिथून दोघांनाही करंट मिळतो तिथं.

तीन दिवस मी ती गाडी चालवली. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी नागपूर-हैदराबाद हायवेवर एक खड्डा लागला आणि दोन्ही बल्ब एकदम गेले. स्टार्टर मारला नाही. चावी हळूच हलवली, बल्ब लागले. पुन्हा हलवली, विझले. इग्निशन स्विचच्या आतले पॉइंट जळून काळे पडले होते. चावीला शाळेच्या कपाटांच्या, घराच्या, टपालपेटीच्या मिळून आठ चाव्यांचा जुडगा लटकलेला असायचा. खड्ड्यात तो हिंदकळला की जळालेला पॉइंट सुटायचा. स्विच बदलला, पंपाच्या निम्म्यासुद्धा पैशात. जुडगा वेगळा करायला सांगितला. गुरुजी आता निवृत्त झाले आहेत आणि गाडी अजून चालते.

त्या दिवसापासून मी एक वही केली. गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मालकाला विचारायचं आणि लिहून घ्यायचं. बंद पडताना झटके खाते की चावी काढल्यासारखी एकदम थांबते? एकदम थांबत असेल तर बहुतेक करंटचं काम. झटके खात, ओढ कमी होत थांबत असेल तर पेट्रोल-डिझेल आधी तपासायचं. थंड असताना की तापल्यावर? चौकात ब्रेक मारला, गाडी न्यूट्रलला आली की मरते का? तसं असेल तर थ्रॉटलमधला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतला) कार्बन, आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारा) वाल्व्ह, कुठं व्हॅक्यूमची नळी फाटलेली. परत किती वेळानं सुरू होते? टाकीत तेव्हा किती तेल होतं?

हा शेवटचा प्रश्न एका काळीपिवळीमुळे वहीत आला. डिझेल जीप, पांढरकवडा-वणी चालायची, पंधरा माणसं भरून. भरलेल्या गाडीनं चढाला ओढ सोडायची आणि बंद पडायची. हातपंप मारून एअर काढली की पुन्हा चालू. म्हणजे कुठून तरी हवा शिरत होती, एवढं दिसतच होतं. मी फिल्टर बदलले, डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर बदलले, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप खोलला. फरक नाही. शेवटी बॉनेटवर पाच लिटरची कॅन बांधली, पंपाला डिझेल त्यातून दिलं, परतीची नळीही कॅनमध्येच सोडली. दोन दिवस गाडी एकदाही थांबली नाही. म्हणजे इंजिन आणि पंप निर्दोष, दोष टाकी ते पंप एवढ्याच भागात. ड्रायव्हरला नीट विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टाकी अर्धी झाली का मंग त्रास देते, भरली असली तं नाही." टाकी उतरवली. डिझेल ओढणाऱ्या आतल्या पाइपला मधोमध केसासारखी चीर होती. टाकी भरलेली असली की चीर डिझेलमध्ये बुडालेली राहायची. तेल खाली गेलं की तीच चीर हवा ओढायची. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर माझे चार दिवस आणि त्याच्या चार दिवसांच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

मे महिना आमचा सगळ्यात गर्दीचा. इथं पारा ४५ च्या वर जातो आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) व्हॅन दुपारी रांगेनं येतात. पेट्रोल नळीतच उकळून वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो. फडका ओला करून पंपावर ठेवला आणि गाडी सुरू झाली, तर निदान झालंच. पण मी तिथं थांबत नाही, कारण व्हॅन नवी असताना असं होत नव्हतं. बहुतेक वेळा आधीच्या कोणीतरी काम करताना उष्णता अडवणारा पत्रा काढून टाकलेला असतो किंवा नळी एक्झॉस्टच्या जवळून फिरवलेली असते. पत्रा बसवा, नळी दूर बांधा, उन्हाळा निघून जातो.

टाकीच्या झाकणाचंही असंच. हवा आत येण्याचं छिद्र आमच्या काळ्या मातीच्या धुळीनं बुजतं, टाकीत निर्वात होतो, अर्ध्या तासानं पेट्रोल यायचं थांबतं. झाकण उघडल्यावर स्सss आवाज आला तर दुसरं काही शोधू नका.

१ एप्रिल २००५ पासून देशभर भारत स्टेज २ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर हळूहळू दिसेनासे झाले. सेन्सरच्या गाड्या आल्या. त्या जुन्या होऊन माझ्याकडे यायला काही वर्षं लागली, पण आल्या तेव्हा माझे बल्ब अपुरे पडायला लागले. २०१६ मध्ये मुद्रा कर्जातून गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर घेतला. हप्ते भरायला कापसाच्या दोन हंगामांची वसुली लागली, कारण इथं उधारी दिवाळीनंतर, कापूस विकला की फिटते. घरचीनं तेव्हा हिशेब हातात घेतला, म्हणून गॅरेज टिकलं. आजही वसुलीची वही तिच्याकडेच असते.

स्कॅनर आला म्हणजे सगळं कळतं असं नाही, हे मला पोरांना रोज सांगावं लागतं. एक जुनी सेदान होती. तापली की बंद, वीस मिनिटांनी चालू. स्कॅनरमध्ये दोषाचा एकही कोड नव्हता. मी ती तापवून बंद पाडली आणि त्याच वेळी सेल्फ मारत आरपीएम (इंजिनचे फेरे) पाहिला. इंजिन फिरत होतं आणि स्क्रीनवर शून्य. म्हणजे इंजिन फिरतं आहे हे सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल कॉम्प्युटरपर्यंत येतच नव्हता, म्हणून स्पार्क नाही आणि इंजेक्टरही नाही. सेन्सर काढून मल्टिमीटरला लावला, थंड असताना रेझिस्टन्स बरोबर. पोरानं केस वाळवायचं मशीन आणलं, त्यानं सेन्सर गरम केला, आणि आतली वाइंडिंग तुटल्यासारखं रीडिंग गेलं. वायर तपासून मगच सेन्सर बदलला. हा दोष गाडी थंड असताना शोधत बसलं असतं तर कधीच सापडला नसता.

अर्थिंगबद्दल एक सांगतो, कारण ते कोणी पाहत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि इंजिनच्या धातूवर मल्टिमीटरच्या दोन तारा धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची पट्टी काढा, घासा, घट्ट बसवा. जुन्या गाड्यांचे विचित्र वाटणारे कितीतरी त्रास यानंच जातात.

आता अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर उभी राहिलेली जुनी गाडी आली की मी आधी टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढतो. खाली वेगळा थर दिसला की बाकीचं तपासणं नंतर. जुन्या रबरी नळ्याही मऊ पडून आतून सुटतात, त्यांचे तुकडे फिल्टरमध्ये सापडतात.

सगळ्यात कठीण गेलं ते शोधण्याचे पैसे मागणं. "पार्ट तं टाकलाच नाही, मंग पैसे कायचे जी?" असं लोक विचारायचे आणि मला उत्तर देता येत नसे. आता शेडमध्ये पाटी आहे: दोष शोधण्याचे तीनशे रुपये, दोष सापडला नाही तर एकही नाही. पाटी लावल्यापासून काही गिऱ्हाइकं गेली. राहिली ती मला आवडतात. आमच्याकडचा आयटीआय शिकलेला पोरगा कधी घाईत म्हणतो, काका, कॉइल बदलून पाहू. मी त्याला वही देतो आणि गाडीच्या मालकाशी बोलायला पाठवतो.

आज शेडमध्ये एका संत्रा बागायतदाराची पिकअप उभी आहे. आधीच्या गॅरेजात तिचे तीन पार्ट बदलले आहेत. वहीत लिहिलंय: तापल्यावर, एकदम बंद, फक्त दुपारी, टाकी कितीही असो. डॅशबोर्डवर बल्ब लावून झालेत. उद्या दोन वाजता ऊन चढलं की मी आणि पोरगा तिला घेऊन घाटंजी रोडला निघणार आहोत.