कॅनावाच्या वाटेने इंडियाना: फॅन्सी गॅप धुक्यात चढू नका

क्वेकरांच्या (हा एक ख्रिस्ती पंथ) इंडियानाकडच्या स्थलांतराची वाट विचारली की जो तो कंबरलँड गॅप या खिंडीकडे बोट दाखवतो. आमची सहल आखून देणाऱ्यानेही तेच केलं. जावयाचे पूर्वज नॉर्थ कॅरोलायनातल्या गिलफर्ड काउंटीचे, आणि तिथल्या अनेक क्वेकर घराण्यांनी धरली होती कॅनावा नदीची वाट: फॅन्सी गॅपच्या खिंडीने ब्लू रिज डोंगर चढायचा, न्यू नदी ओलांडायची, कॅनावाच्या काठाकाठाने ओहायो नदी गाठायची. हे आम्हाला कळलं ते ग्रीन्सबरोला, गिलफर्ड कॉलेजच्या संग्रहात. तोवर कंबरलँडच्या हॉटेलचे पैसे भरून झाले होते. ते बुडाले.

त्या संग्रहात आधी वेळ ठरवून जा आणि अख्खा दिवस ठेवा. तिथल्या न्यू गार्डन मीटिंगची (मीटिंग म्हणजे क्वेकरांची स्थानिक मंडळी) स्थापना १७५४ ची. तिच्या नोंदी म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याच. कुटुंब हललं की मीटिंग दाखला द्यायची: वागणूक नीट, देणी फेडलेली, कुणाशी लग्नाचं वचन अडकलेलं नाही. नव्या गावची मीटिंग तो दाखला वाचून दाखल करून घ्यायची. इंडियानातल्या रिचमंडजवळ १८०९ मध्ये व्हाइटवॉटर मीटिंग सुरू झाली आणि गिलफर्डचे दाखले तिकडे जाऊ लागले. दोन्हीकडच्या तारखा जुळवा. मात्र त्याहून जुन्या मीटिंगांच्या १७५२ पूर्वीच्या नोंदीत ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च, जानेवारी नव्हे. कॉफिन, मेसी, स्टारबक, गार्डनर ही नँटकेट बेटावरून आलेली घराणी आपसांतच सोयरिकी करत राहिली, त्यामुळे एकाच नावाची तीन-तीन माणसं भेटतात. बायकोचं माहेर पाहिल्याशिवाय कुणालाही आपला पूर्वज मानू नका. समाजाबाहेर लग्न केलेल्याला बहुधा काढून टाकत. तिथे धागा तुटतो.

आता फॅन्सी गॅप. माउंट एअरीहून जुना ५२ नंबरचा रस्ता धरला तेव्हा खाली लख्ख ऊन होतं. चढण लागली आणि धुकं असं उतरलं की बॉनेटपुढचा पांढरा पट्टाही दिसेना. वळणावर वळण, मागे ट्रकचा हॉर्न, बाजूला थांबायला जागा नाही. वर पोचलो तेव्हा जावयाची बोटं स्टिअरिंगवर आखडली होती. शेजारचा ७७ नंबरचा महामार्गही धुक्यासाठी बदनाम आहे, तेव्हा तो सोपा असेल असं समजू नका. सकाळी खालीच चौकशी करा. धुकं असेल तर माउंट एअरीत चहा घेत बसा, दुपार झाली तरी चालेल. बैलगाड्या, घोडागाड्या घेऊन, लेकराबाळांसकट माणसं इथून चढली, कारण गुलामगिरी असलेल्या मुलखात त्यांना राहायचं नव्हतं आणि १७८७ च्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला तिला बंदी होती. चढ अंगावर घेतल्यावर त्यांचा निर्धार कळतो.

वेस्ट व्हर्जिनियात प्रिन्स्टन ते चार्ल्सटन तीन टोलनाके लागतात. टोलचं काही नाही, पण भाड्याच्या गाडीवाल्याने टोलच्या यंत्राचं रोजचं भाडं लावलं, गाडी उभी होती त्या दिवसांचंही. यंत्र नको म्हणून लिहून घ्या आणि टोल स्वतः भरा.

ओहायोत पश्चिमेकडे जावं तसा रस्ता सपाट होत जातो. इंडियानात शिरल्यावर फाउंटन सिटीतलं, पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारे क्वेकर लेव्हाय कॉफिन यांचं १८३९ चं विटांचं घर चुकवू नका. तळघरात विहीर आहे. लपवलेल्या माणसांसाठी किती पाणी लागतंय हे बाहेर कुणाला कळू नये म्हणून ती घरातच.

वेळ उरला तर रिचमंडमध्ये घालवू नका, दक्षिणेला पाओलीजवळच्या लिक क्रीकला जा. क्वेकरांबरोबर नॉर्थ कॅरोलायनातून निघालेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबांची ती वस्ती. आज तिथे जंगल आणि दफनभूमी आहे. ही माणसं मीटिंगची सभासद नव्हती, म्हणून दाखल्यांत सापडत नाहीत. जनगणना आणि जमिनीच्या खरेदीखतांत शोधा. बूट चांगले घाला, दुपारी लवकर पोचा.