कालव्यावरच्या आण्णांचा चेहरा

निरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात, फलटण तालुक्यात, मी बरीच वर्षं त्वचारोगाचा दवाखाना चालवते. ऊस, पाणी, जनावरं आणि दिवसभर रानात राबणारी माणसं, त्यामुळे गजकर्ण, खरूज, भेगाळलेल्या टाचा हे माझं रोजचं काम. आण्णा आले त्या दिवशी मात्र मी हातातलं पेन खाली ठेवलं. आण्णांचं खरं नाव मी देत नाही. त्यांची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते आहे.

बाजाराचा दिवस होता. बाहेरच्या बाकावर आण्णा आणि त्यांच्या पत्नी, मामी, बसले होते. आण्णांनी उपरणं नाकावर ओढून घेतलं होतं, तरी शेजारच्या बायका हळूहळू सरकत बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. माझ्या खुर्चीवरून ते दिसत होतं. आत आल्यावर त्यांनी उपरणं सोडलं. कपाळाची कातडी बाभळीच्या सालीसारखी जाड होऊन तिला आडव्या घड्या पडल्या होत्या. पापण्या सुजून डोळ्यांवर आल्या होत्या. गाल काळवंडलेले, कानाच्या पाळ्या फुगलेल्या, कानामागे ओल्या चिरा. भुवयांचे बाहेरचे केस विरळ झालेले. आणि हाताची नखं मात्र पॉलिश केल्यासारखी चकचकीत. महिनोन्महिने खाजवणाऱ्या माणसाची नखं अशी होतात.

मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, सरळ सांगा. महारोग हाय का?"

मामींनी पदर तोंडाला लावला. गावात कुजबुज होतीच. पंगतीत आण्णांच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. धाकट्या मुलीचं ठरत आलेलं लग्न "बघू पुढं" म्हणत पाहुण्यांनी थांबवलं होतं. वारकरी घर, पण यंदा दिंडीतही आण्णा गेले नव्हते.

जाड झालेला चेहरा, फुगलेल्या पाळ्या, गेलेल्या भुवया ही लक्षणं कुष्ठरोगातही दिसतात, त्यामुळे गावाला शंका आली यात नवल नव्हतं. म्हणून मी आधी तेच तपासलं. डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा गालाला, हाताला, पायाला लावत गेले. प्रत्येक वेळी आण्णांनी बोट ठेवून जागा बरोबर दाखवली. कोपरामागची आणि मानेवरची नस चाचपली, जाड नव्हती. अंगावर बधिर चट्टा नव्हता. शिवाय कुष्ठरोगाच्या चट्ट्याला सहसा खाज नसते आणि आण्णांना तर खाजेने झोप नव्हती. तरी दोन्ही पाळ्यांमधून स्मिअर, म्हणजे कातडीत जंतू आहेत का ते बघायचा नमुना, घेतला आणि तोही निगेटिव्ह आला. मी दोघांना सांगितलं, "हा कुष्ठरोग नाही. आणि असता, तरी घाबरायचं कारण नव्हतं. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो." दुसरं वाक्य मी प्रत्येक वेळी मुद्दाम बोलते. त्या रोगाच्या पेशंटला बाकावरून उठवणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

मग मामींनी कॅरीबॅग टेबलावर उलटी केली. ट्यूबच ट्यूब. बहुतेक सगळ्यांमध्ये कडक स्टिरॉइड, काहींत त्याच्या जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. मेडिकलमधून नुसतं "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणलेल्या. स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने 2018 मध्ये नियम कडक केले, पण काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे जाणतो. ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटायचं, मग खाज दुप्पट. स्टिरॉइड आग दाबतं, पण ती लावणारी गोष्ट तिथेच राहते. वर चेहऱ्याची कातडी पातळ होते, लालबुंद शिरा उमटतात, आणि ट्यूब सोडली की असा भडका उडतो की माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेतो. या चक्रात अडकलेले चेहरे माझ्याकडे रोज येतात, त्यांत लग्नाच्या वयाच्या मुली तर फार. त्याचा मला मनापासून राग येतो.

घरच्यांनी आपल्या परीने सगळं केलं होतं. "रक्त बिघडलंय" म्हणून वांगं, अंडी, शेंगदाणे बंद. "उष्णता" म्हणून सब्जा सुरू. साबण बदलला, दाढीचं क्रीम बदललं, कपाळाचा बुक्का आणि अष्टगंध बंद केला. केसांना काळा रंग ते लावतच नव्हते. पन्नाशीच्या आसपास चेहऱ्याला खाज सुटली की मी आधी याच गोष्टी विचारते: केसांचा रंग, टिकलीचा गोंद, सुवासिक क्रीम. नेलपॉलिशसुद्धा, कारण तिची ॲलर्जी नखांना न दिसता पापण्यांवर दिसते. पण आण्णांच्या चेहऱ्याचा नकाशा वेगळं सांगत होता. उन्हाचा त्रास असता तर हनुवटीखालचा, कानामागचा आणि वरच्या पापणीचा भाग सावलीत असल्यामुळे बराचसा सुटला असता. इथे नेमक्या त्याच जागा सर्वांत खराब होत्या. त्याशिवाय मानेच्या घड्या, कोपराचे खोलगट भाग, शर्टाच्या वरच्या बटणापाशीचा त्रिकोण. म्हणजे हवेतून काहीतरी येऊन अंगावर बसत होतं आणि घामाबरोबर घड्यांमध्ये साचत होतं.

"आण्णा, गाव सोडून कुठे गेलात तर फरक पडतो?"

"थोरल्याकडं डोंबिवलीला गेलो की उतार पडतो बघा. हितं आलो की दोन-तीन दिसांत पुन्हा सुरू."

मामी हळूच म्हणाल्या, "म्हणून तर लोक म्हणत्यात, कुणीतरी केलंय."

"काम काय करता?"

"पाटकरी हाय मी. पाणी वाटपाचं. सकाळ-संध्याकाळ पाटानं चालायचं."

"पाटावर गाजर गवत आहे?"

आण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "गवत? मॅडम, त्या गवतात पाट दिसत न्हाई. मीच उपटतो की हातानं. पंचवीस वर्सं उपटतोय. तवा कधी काय झालं न्हाई!"

हे वाक्य मी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल अगणित वेळा ऐकलं आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. माणसाला वाटतं, ॲलर्जी नव्या वस्तूची असते. ही ॲलर्जी जुन्याच वस्तूची असते. गाजर गवताच्या पानादेठावर बारीक केस असतात आणि त्यांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर उडतो, तोही तितकाच त्रासदायक. वर्षानुवर्षं ते कातडीला लागत राहतं आणि काहीच होत नाही. मग केव्हातरी शरीराच्या संरक्षक पेशी ते रसायन शत्रू म्हणून ओळखायला शिकतात. एकदा शिकल्या की विसरत नाहीत. म्हणून हा आजार लहान मुलांत क्वचित आणि चाळिशी-पन्नाशीच्या शेतकऱ्यांत जास्त. त्यातून ही प्रतिक्रिया लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. सोमवारी गवत उपटलं आणि बुधवारी डोळे सुजले, तर बुधवारी खाल्लेल्या वांग्यावर आळ येतो.

पुण्याच्या परिसरात या झाडाची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1956 च्या सुमारास केली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास मानलं जातं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि बी हलकं, त्यामुळे दोन पिढ्यांत ते देशभर पसरलं. 1970 च्या दशकात पुण्यातल्या रुग्णांवरूनच या त्वचारोगाचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत आलं. आपल्याच जिल्ह्यांमधला हा आजार आहे, आणि आपल्याच गावांत त्याला भानामती म्हणावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

नुसत्या अंदाजावर थांबायचं नव्हतं, गावाला दाखवायला पुरावा हवा होता. भडका शांत होईपर्यंत आण्णांना डोंबिवलीला धाडलं, पोटातली औषधं थोडे दिवस देऊन थांबवली, आणि मग पॅच टेस्टला बोलावलं. यात कागदी चिकटपट्टीवर ॲल्युमिनियमच्या छोट्या वाट्या असतात. प्रत्येकीत एकेक संशयित पदार्थ: निकेल, सुगंधी द्रव्यं, केसांच्या रंगातलं रसायन, मलमांतलं निओमायसिन, आणि भारतीय संचात आवर्जून घातलेलं गाजर गवत. पट्ट्या पाठीवर लावून 48 तास तशाच ठेवायच्या. अंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. मग काढून बघायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा एकदा बघायचं.

पट्ट्या काढायचा तो दिवस माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. सिस्टरने एकेक पट्टी सोडवली, पेनने खुणा केल्या आणि आम्ही काही वेळ थांबलो, कारण पट्टीच्या ओढीची लाली आधी उतरू द्यावी लागते. निकेल कोरं. रंग कोरा. सुगंधी द्रव्यं कोरी. गाजर गवताच्या जागी रुपयाएवढा लालभडक उंचवटा आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड. मी मोबाइलवर फोटो काढून आण्णांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"म्हंजे हे एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई?"

"अजिबात नाही. तुमच्या ताटात कुणीही जेवू शकतं."

आण्णांनी तिथूनच मुलीला फोन लावला. आवाज फुटेना, म्हणून मामींनी फोन हातात घेतला आणि एकच सांगितलं, "आण्णास्नी गवत बाधतंय, गवत. दुसरं काय न्हाई." माझी सिस्टर तोंड फिरवून खिडकीकडे बघत होती.

नंतरचा भाग सोपा नव्हता. हवेतून येणाऱ्या गोष्टीपासून माणसाला वाचवणं कठीण असतं. पाटकऱ्याचं काम सोडायला आण्णा तयार नव्हते. मी पाणी वापर संस्थेला चिठ्ठी लिहिली, त्यांनी आण्णांना पाळीचं रजिस्टर आणि पाणीपट्टीचं बसून करायचं काम दिलं. बाहेर जाताना पूर्ण बाह्या, डोक्याला आणि चेहऱ्याला सुती कापड, आणि ते कापड रोज धुवायचं. घरी आल्या आल्या साध्या पाण्याने तोंड धुवून साधं मॉइश्चरायझर. धुतलेले कपडे कालव्याकाठी वाळत घालायचे नाहीत. गाजर गवत स्वतः उपटायचं नाही आणि कुणी जाळत असेल तर तिथे थांबायचं नाही. चेहऱ्याला स्टिरॉइडऐवजी टॅक्रोलिमसचं मलम. एवढ्याने आटोक्यात आलं नाही म्हणून ॲझाथायोप्रिन, म्हणजे संरक्षक पेशींची ही प्रतिक्रिया दाबणारं पोटातलं औषध, सुरू केलं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी गाजर गवताच्या आजारात या औषधाचा चांगला अभ्यास केला आहे. पण ते रक्तातल्या पेशींची संख्या कमी करू शकतं, यकृतावर ताण आणू शकतं, त्यामुळे ठरल्या वेळी रक्त तपासल्याशिवाय मी पुढची चिठ्ठी देत नाही. कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने ते घेऊ नये.

मुलीच्या सासरकडचे एक वडीलधारे गृहस्थ आण्णांना घेऊन दवाखान्यात आले. आण्णांच्या समोर, त्यांच्या संमतीने, मी त्यांना रिपोर्ट आणि फोटो दाखवला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: पोरीला होईल का, आणि तिच्या मुलांना होईल का. दोन्हीला मी नाही म्हणाले. लग्न झालं. शेवंती आणि सूर्यफूल गाजर गवताच्याच कुळातली, त्यामुळे शेवंतीचा हार घालू नका असं मी बजावलं होतं. आण्णांनी मांडवात गुलाबाचे हार लावले आणि आलेल्या प्रत्येकाला त्याचं कारण सांगितलं.

कपाळाच्या घड्या आता बऱ्याच मऊ झाल्या आहेत. रंग पूर्ण उतरलेला नाही. श्रावण-भाद्रपदात गवत माजलं की पापण्या पुन्हा लाल होतात आणि आण्णा खचतात. तेव्हा औषधाचा डोस थोडा वाढवावा लागतो. हा आजार आटोक्यात ठेवायचा असतो, हे मी पहिल्यापासून त्यांच्यापासून लपवलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात संस्थेने कालव्याच्या भरावावर टाकळ्याचं बी टाकलं. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. उपटायचं काम फुलं यायच्या आत, ओल असताना आणि हातमोजे घालूनच, असा ठराव आण्णांनी स्वतः मांडून मंजूर करून घेतला. अलीकडे ते एका तरण्या पोराला घेऊन आले, त्यांच्या जागी लागलेला नवा पाटकरी. त्याच्या वरच्या पापण्यांवर थोडी लाली आणि कानामागे नुसती खरखर होती. तो म्हणत होता, "कायतरी खाण्यात आलं असंल." आण्णांनी त्याचा हात धरून त्याला माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्येनं मेडिकलातनं ट्यूब आणायच्या आत तुम्ही बघा." मी त्याच्या पॅच टेस्टची तारीख तेव्हाच लिहून दिली.